टर्कीच्या पिल्लांचा पहिला आठवडा

टर्की हा पक्षी तुमच्यापैकी काही जणांनी पाहिला असेल. कोंबडीपेक्षा बराच मोठा, डोके आणि मान बोडकी, चोचीवरून लोंबणारी मांसल सोंड आणि ऐटीत आला की मोरासारखी शेपटी फुलवून मिरवणारा. पूर्ण वाढलेला नर 10 किलोग्रॅमच्याही पुढे जातो. असा हा धिप्पाड पक्षी अंड्यातून बाहेर येतो तेव्हा मात्र जेमतेम 55 ग्रॅमचा असतो. पहिल्या आठ दिवसांत ही पिल्ले इतक्या सहज दगावतात की, ‘टर्कीचे पिल्लू मरायला निमित्तच शोधत असते’ असे पाळणारे लोक वैतागून म्हणतात. गेल्या वर्षी डिसेंबरात मलाही काही दिवस तसेच वाटत होते. पण पिल्ले निमित्ते शोधत नव्हती, निमित्ते आम्हीच पुरवत होतो. आणि त्यांतले पहिले तर मी स्वतः, भौतिकशास्त्राच्या एका प्राध्यापकाने पुरवले होते. तीच हकिगत सांगायची आहे.

त्याआधी या पाहुण्याची थोडी ओळख. टर्की मूळचा अमेरिका खंडातला. मेक्सिकोतल्या लोकांनी तो माणसाळवला आणि सोळाव्या शतकाच्या सुरुवातीला स्पॅनिश लोकांनी तो युरोपात नेला. आपल्याकडे तो आला पोर्तुगीजांबरोबर. 1612 साली मुकर्रबखान नावाच्या सरदाराने गोव्याहून काही नवलाईचे प्राणी आणून जहांगीर बादशहाला नजर केले, त्यांत एक टर्की होता. त्याच्या डोक्याचे आणि मानेचे रंग कसे बदलतात हे बादशहाने आपल्या आठवणींत बारकाईने लिहून ठेवले आहे. उस्ताद मन्सूर या चित्रकाराने काढलेले टर्कीचे सुंदर चित्र आज लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट संग्रहालयात आहे. नावांची तर मोठीच गंमत! इंग्रज त्याला तुर्कस्तानच्या नावाने ओळखतात, खुद्द तुर्कस्तानात त्याला ‘हिंदी’ म्हणतात, आणि पोर्तुगीज भाषेत त्याचे नाव ‘पेरू’. म्हणजे जिथून तो आला त्या मेक्सिकोचे नाव मात्र कोणीच घेत नाही. असो.

माझा एक जुना विद्यार्थी बी.एस्सी. झाल्यावर गावी शेती पाहतो. घरी चाळीस-पन्नास गावठी कोंबड्या आहेत. त्याने एक दिवसाची तीस टर्की पिल्ले आणायची ठरवली आणि मला फोन केला, ‘‘सर, ऊब देण्याची व्यवस्था तुम्ही सांगा. उष्णतेचा धडा तुम्हीच शिकवलात ना!’’ मी खूश झालो आणि शनिवारी त्याच्याकडे जाऊन पोहोचलो.

पत्र्याच्या छपराची एक खोली होती. जमिनीवर भाताच्या तुसाची दोन-तीन इंचांची गादी पसरली. पिल्लांसाठी कुंपण करायचे, तर खोलीच्या एका कोपऱ्याच्या दोन भिंती वापराव्यात आणि उरलेल्या दोन बाजूंना फळ्या उभ्या कराव्यात, म्हणजे दोन फळ्या वाचतील, असे मी सुचवले. वर जुन्या पद्धतीचे, तारेचे, शंभर-शंभर वॉटचे चार दिवे टांगले. पहिल्या आठवड्यात पिल्लांना 35 अंश सेल्सिअस तापमान लागते हे मी वाचून गेलो होतो. प्रयोगशाळेतला तापमापक सोबत नेला होता. तो भिंतीवर खिळ्याला अडकवला. पारा 35 वर स्थिर झाला तेव्हा आम्ही दोघेही समाधानाने बाहेर पडलो.

सकाळी कोपऱ्यात पिल्लांचा ढीग पडलेला होता. वरची पिल्ले जिवंत होती, तळाची चार गुदमरून मेली होती.

काय चुकले? तापमापक मी माझ्या डोळ्यांच्या उंचीवर लावला होता, कारण तिथे तो मला वाचायला सोयीचा होता! हवा तापली की विरळ होते आणि वर चढते, हे मी दर वर्षी फळ्यावर बाण काढून शिकवतो. दिवेही मी उंच टांगले होते. तोच तापमापक काढून तुसापासून चार बोटे वर धरला तेव्हा पारा 26 वर आला. पिल्लाची पाठ असते तिथे तापमान मोजायचे सोडून मी स्वतःच्या नाकाचे तापमान मोजत होतो. थंडी वाजली की पिल्ले एकमेकांच्या अंगाखाली शिरतात आणि कोपरा मिळाला की ती तिथेच चेंगरतात. म्हणून जाणकार लोक पिल्लांभोवतीचे कुंपण नेहमी गोल करतात. पत्र्याची किंवा पुठ्ठ्याची पट्टी वाकवून केले तरी चालते. वर्तुळाला कोपरा नसतो, एवढेच त्यातले शास्त्र. दोन फळ्या वाचवण्याच्या माझ्या युक्तीने चार जीव घेतले.

आता 26 अंश म्हणजे काही फार थंडी नव्हे. आपण अशा हवेत सदरा घालून मजेत बसतो. मोठ्या टर्कीलाही ती सोसते. मग पिल्लालाच का सोसू नये? इथे थोडे गणित करू या. भौतिकशास्त्राच्या माणसाला हिशेबाच्या सोयीसाठी सगळे प्राणी गोल दिसतात, तसे तुम्हीही क्षणभर पाहा. पिल्लू म्हणजे 55 ग्रॅमचा गोळा आणि त्याची आई म्हणजे 6 किलोग्रॅमचा गोळा. दोघांची घनता पाण्याइतकी धरा. गोलाच्या घनफळाच्या सूत्राने पिल्लाची त्रिज्या येते सुमारे 2.4 सेंटिमीटर आणि आईची सुमारे 11.3 सेंटिमीटर. आता पृष्ठफळ काढा. पिल्लाचे साधारण 70 चौरस सेंटिमीटर, आईचे 1600. आकडा आईचा मोठा खरा; पण उष्णता तयार होते ती शरीराच्या आतल्या मांसात आणि निसटते ती वरच्या पृष्ठभागातून. म्हणून दर ग्रॅममागे किती पृष्ठभाग आहे ते पाहायला हवे. पिल्लाच्या वाट्याला ग्रॅममागे 1.27 चौरस सेंटिमीटर येतात आणि आईच्या वाट्याला 0.27. म्हणजे उष्णता गळण्याची दारे पिल्लाला जवळजवळ पाचपट जास्त आहेत. शिवाय आईच्या अंगावर पिसांचे दाट पांघरूण आहे, पिल्लाच्या अंगावर नुसती लव. आणि शरीराचे तापमान स्वतः स्थिर राखण्याची यंत्रणा त्याच्यात अजून पुरती तयार झालेली नसते. ती व्हायला दोन-तीन आठवडे जावे लागतात. तोवर त्याला बाहेरून उष्णता हवी. निसर्गात ती आईच्या पंखाखाली मिळते, आपण ती दिव्याने देतो. पहिल्या आठवड्यात 35 अंश आणि मग दर आठवड्याला सुमारे 3 अंश कमी करत पाचव्या आठवड्यात 23 च्या आसपास, असे हे प्रमाण आहे. आपल्याकडच्या उन्हाळ्यात दुपारी दिव्याची गरजही पडत नाही, डिसेंबरातल्या पहाटे मात्र तोच दिवा आईच्या ठिकाणी असतो.

आम्ही दिवे खाली, गादीपासून हातभर उंचीवर आणले, दोरी ओढून ते वर-खाली करता येतील अशी सोय केली आणि पत्र्याची पट्टी वाकवून गोल कुंपण केले. तापमापक तुसाजवळ गेला. खरे सांगायचे तर त्यानंतर त्याच्याकडे फारसे पाहावेच लागले नाही. पिल्ले दिव्याखाली गर्दी करून मोठ्याने चिवचिवत असली तर त्यांना थंडी वाजते आहे. कुंपणाला चिकटून, पंख सैल सोडून, चोच उघडी टाकून धापत असली तर उकडते आहे. सगळी एकाच बाजूला सरकली असली तर दुसरीकडून वारा लागतो आहे. सगळीकडे विखरून खातपीत, झोपत असली की समजावे, ठीक चालले आहे. एकूण सव्वीस तापमापक आमच्याजवळ होते, आणि त्यांतला प्रत्येक योग्य उंचीवर होता!

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी एक पिल्लू पाण्याच्या भांड्यात पडले. बुडाले नाही, कोणीतरी लगेच बाहेर काढले. भिजलेले पिल्लू कोपभर पाण्याने काय मरणार, म्हणून तसेच कुंपणात सोडून दिले. तासाभराने ते मरून पडलेले आढळले. या मरणामागचा हिशेबही करून पाहण्यासारखा आहे. एक ग्रॅम पाण्याची वाफ व्हायला त्या तापमानाला सुमारे 580 कॅलरी उष्णता लागते. हीच ती बाष्पीभवनाची अप्रकट उष्णता. सजीवाच्या शरीराची विशिष्ट उष्णता पाण्यापेक्षा थोडी कमी, 0.83 च्या आसपास धरा. तेव्हा 55 ग्रॅमच्या पिल्लाचे तापमान एक अंशाने उतरायला त्यातून सुमारे 46 कॅलरी जाव्या लागतात. आता 580 ला 46 ने भागा. भिजलेल्या लवेतले फक्त एक ग्रॅम पाणी, म्हणजे वीसेक थेंब, सुकण्यासाठी लागणारी सगळी उष्णता शरीरातूनच गेली, तर पिल्लू बारा अंशांनी थंड होईल. प्रत्यक्षात काही उष्णता हवेतून आणि दिव्यातून मिळते, पिल्लाचे शरीरही थोडी तयार करते. तरी निम्मा फटकासुद्धा त्याला पुरेसा आहे. त्यात भर म्हणजे कोरड्या लवेत अडकलेली हवा उष्णतेची दुर्वाहक असते आणि पाणी त्या हवेच्या वीसपटीहून अधिक चांगला वाहक. भिजलेले पिल्लू हे असे दोन्ही बाजूंनी लुटले जाते. उथळ भांडे घेऊन त्यात गोट्या किंवा धुतलेले खडे टाकायचे, म्हणजे चोच आत जाते आणि अंग बाहेर राहते. इतका साधा उपाय आम्ही त्या रात्री केला. ओल्या गादीचेही असेच आहे. पाणी सांडलेले तूस त्याच वेळी उचलून कोरडे टाकावे.

हा भाग तुम्हाला शाळेच्या प्रयोगशाळेत पडताळून पाहता येईल. औषधाच्या 60 मिलिलिटरच्या दोन सारख्या बाटल्या घ्या (एवढेच साधारण पिल्लाचे घनफळ). दोन्हींना सारखा कापूस गुंडाळा. एकीचा कोरडा ठेवा आणि दुसरीचा कोमट पाण्यात भिजवून पिळून घ्या. दोन्हींत 40 अंशांचे पाणी भरा, पंख्याखाली ठेवा आणि दर दोन मिनिटांनी तापमान लिहा. जवळच एक लिटरची उघडी बाटली आणि 60 मिलिलिटरची उघडी बाटली अशी आणखी एक जोडी त्याच तापमानाच्या पाण्याने भरून ठेवा. चारही आलेख एकाच कागदावर काढा. तापमापक प्रयोगशाळेतलाच हवा; ताप मोजायचा पाऱ्याचा तापमापक चालणार नाही, कारण त्यातला पारा झटकल्याशिवाय खाली येत नाही.

तिसरा दिवस निर्वेध गेला. पंचवीस पिल्ले, ऊब ठीक, पाणी ठीक, खाद्याची भांडी काठोकाठ भरलेली. मी निश्चिंत मनाने परतलो. चौथ्या दिवशी दोन पिल्ले मेली, पाचव्या दिवशी तीन आणि सहाव्या दिवशी सकाळी आणखी एक. फोनवर विद्यार्थ्याचा आवाज पडला होता. ‘‘सर, काहीतरी रोग आला वाटतं. सगळ्यांना औषध पाजू का?’’ मी म्हटले, ‘‘अरे, आधी एक मेलेले पिल्लू डॉक्टरांना दाखव.’’

तालुक्याच्या पशुवैद्यकीय डॉक्टरांनी ते उघडले. गळ्याखालची अन्नाची पिशवी चिरली तर आत खाद्याचा कणही नव्हता. भाताचे तूस मात्र होते. पिल्लू रोगाने नव्हे, उपासमारीने मेले होते. आणि तेही भरलेल्या भांड्यापासून वीतभर अंतरावर!

या मरणाची वेळ नीट पाहा. पहिल्या तीन दिवसांत कोणीच उपाशी मेले नाही. अंडे फुटण्याच्या थोडे आधी, बलकाचा उरलेला भाग पिल्लाच्या पोटात ओढला जातो. ही त्याची शिदोरी. ती दोन-तीन दिवस पुरते, म्हणूनच एक दिवसाची पिल्ले खोक्यात घालून दूरवर पाठवता येतात. शिदोरी संपेपर्यंत जे पिल्लू खायला शिकले ते जगते. जे शिकले नाही ते चौथ्या ते सहाव्या दिवसाच्या सुमारास मान टाकते, आणि पाळणाऱ्याला वाटते साथ आली. तोपर्यंत पिल्लू हिंडते-फिरते, म्हणून शंकाही येत नाही.

पण खायला काय शिकायचे? कोंबडीचे पिल्लू तर अंड्यातून निघताच टिपू लागते. टर्कीचे पिल्लूही टोचते, पण काय टोचावे हे त्याला लवकर उमगत नाही. सुरुवातीला त्याची नजर बेताची असते आणि स्वभाव बुजरा. रानात त्याची आई जमिनीवर चोच आपटते आणि पिल्लू तिच्या चोचीजवळ टोचते. आमच्याकडे आई नव्हती. होते ते फिक्या रंगाचे पीठ आणि तशाच फिक्या रंगाचे तूस. दोन्हींत फरक काय, हे त्या बिचाऱ्याला कोण सांगणार?

डॉक्टर म्हणाले, ‘‘सर, तुम्ही शिक्षक आहात. यांना शिकवायला लागतं.’’ मग त्यांनी सांगितलेले सगळे सुरू झाले. तुसावर गोणपाट अंथरले, म्हणजे तूस चोचीला लागणार नाही. (वर्तमानपत्र अंथरू नका असे त्यांनी बजावले. त्याच्या गुळगुळीत कागदावर घर्षण कमी, त्यामुळे पिल्लाचे पाय दोन बाजूंना फाकतात आणि काही वेळा कायमचे अधू होतात. मला हे ऐकून धडा शिकवायला एक नवे उदाहरण मिळाले.) खाद्याच्या भांड्यात चकाकणाऱ्या रंगीत गोट्या टाकल्या, पिल्लू चकाकीला टोचायला जाते आणि चोचीत पीठ येते. वर मेथीची पाने बारीक चिरून पसरली, उकडलेले अंडे कुस्करून टाकले, दहा पिल्लांमागे एक या हिशेबाने. विद्यार्थ्याची आई तासन्‌तास कुंपणाशी बसून तर्जनीने भांड्यात टकटक करायची. तिच्या बोटाजवळ पिल्लांच्या चोची जमू लागल्या. ‘‘सर, हे काम तुमच्या कॉलेजापेक्षा सोपं आहे. एकाला आलं की बाकीची बघून शिकतात,’’ असे ती मला नंतर म्हणाली. त्यात तथ्य आहे. म्हणूनच काही ठिकाणी टर्कीच्या पिल्लांत कोंबडीची दोन-चार पिल्ले ‘मास्तर’ म्हणून सोडतात. ती मात्र यंत्रातून नुकतीच निघालेली हवीत, अंगणातली नकोत. कारण पुढे येईलच.

खाद्याबद्दल आणखी एक गोष्ट त्या वेळी कळली. घरात कोंबडीच्या पिल्लांचे खाद्य होते, तेच टर्कीला घालायचा बेत होता. अंडी देणाऱ्या जातीच्या कोंबडीच्या पिल्लाला खाद्यात 20 टक्क्यांच्या आसपास प्रथिने पुरतात. टर्कीच्या पिल्लाला सुरुवातीला 28 टक्के लागतात. काही महिन्यांत 55 ग्रॅमचे कित्येक किलोग्रॅम व्हायचे, तर बांधकामाचे सामान तसेच हवे.

सहाव्या दिवसानंतर उपासमारीने एकही पिल्लू गेले नाही. एकोणीस उरली होती. नवव्या रात्री एक दिवा गेला. घरात तारेचा दिवा शिल्लक नव्हता, म्हणून विद्यार्थ्याच्या धाकट्या भावाने 9 वॉटचा एलईडी लावला. उजेड पूर्वीइतकाच, किंबहुना जास्त लख्ख. सकाळी पाहतो तर त्या दिव्याखाली एकही पिल्लू नाही, सगळी उरलेल्या तीन दिव्यांखाली दाटीवाटीने बसलेली. तारेच्या दिव्यात शंभर वॉटपैकी नव्वदहून अधिक उष्णतेच्या रूपाने बाहेर पडतात. दिवा म्हणून तो उधळ्या, पण शेगडी म्हणून उत्तम. एलईडी मुळात 9 वॉटच घेतो, तेव्हा तो त्याहून जास्त देणार कुठून? वीज वाचवणाऱ्या दिव्याने आपली घरे उजळली हे चांगलेच झाले. पण पिल्लांच्या खोलीत डोळ्यांना दिसणारा उजेड आणि अंगाला लागणारी ऊब या दोन निरनिराळ्या गोष्टी आहेत. धाकट्याला हे समजावताना मी पिल्लांकडे बोट दाखवले, दुसरे काही सांगावे लागले नाही.

आता कोंबड्यांविषयी. कोंबड्यांचे खुराडे त्याच अंगणात होते आणि महिनाभराने टर्की तिथेच मोकळे सोडायचा विचार होता. डॉक्टरांनी तो स्पष्ट शब्दांत मोडून काढला. ‘ब्लॅकहेड’ नावाचा रोग आहे. नाव फसवे आहे, डोके दर वेळी काळे पडतेच असे नाही. तो होतो ‘हिस्टोमोनास’ या एकपेशीय परजीवीमुळे. थिओबाल्ड स्मिथ या अमेरिकन शास्त्रज्ञाने 1895 साली टर्कीच्या आजारी यकृतात तो पाहून त्याचे वर्णन केले. पण हा नाजूक जीव एका पक्ष्यातून दुसऱ्यात जातो कसा? उघड्यावर तर तो थोड्या वेळात मरतो. उत्तर मिळायला 1920 साल उजाडले. ग्रेबिल आणि स्मिथ यांनी दाखवून दिले की तो जंताच्या अंड्यात बसून प्रवास करतो. कोंबडीच्या आतड्यात एक बारीक जंत राहतो. त्या जंताची अंडी विष्ठेतून मातीत पडतात आणि वर्षानुवर्षे टिकतात. अंड्याच्या आत परजीवीही सुखरूप असतो. गांडुळाने ती गिळली तर ती त्याच्या अंगातही तशीच राहतात, आणि गांडूळ म्हणजे टर्कीचा आवडता घास. कोंबडीला या परजीवीचा सहसा फारसा त्रास होत नाही. टर्कीच्या यकृतावर मात्र खड्ड्यांसारखे गोल डाग पडतात, विष्ठा गंधकासारखी पिवळी होते आणि कळपच्या कळप कोसळू शकतो. रोग आल्यावर भरवशाचे औषध नाही.

विद्यार्थ्याने टर्कींना विहिरीपलीकडच्या तुकड्यात नेले, जिथे पूर्वी कधी कोंबड्या ठेवलेल्या नव्हत्या. कोंबड्यांच्या खुराड्यात जायच्या चपला वेगळ्या केल्या आणि आधी टर्की, मग कोंबड्या असा झाडलोटीचा क्रम ठरवला. पाचव्या आठवड्यात एक पिल्लू मुंगसाने नेले. बाकीची अठरा मोठी झाली. मी गेल्या महिन्यात गेलो होतो तेव्हा त्यांतला एक नर माझ्यावर पिसारा फुलवून धावून आला. त्याची मान बघता बघता निळ्याची लाल झाली. पुढची पन्नास पिल्ले दिवाळीनंतर येणार आहेत. गोल कुंपणासाठी पत्रा आणून ठेवला आहे, आणि भिंतीवरचा तो खिळा मी स्वतःच उपटून टाकला.